ॲव्हरी ब्रंडेज

ॲव्हरी ब्रंडेज (२८ सप्टेंबर १८८७ – ८ मे १९७५) हे अमेरिकन खेळाडू, बांधकाम उद्योजक आणि क्रीडा प्रशासक होते. विद्यार्थिदशेत इलिनॉय विद्यापीठाच्या बास्केटबॉल व ॲथलेटिक्स संघांतून ते खेळले आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी अमेरिकेचे प्रतिनिधित्व केले. १९२८ पासून सुमारे पाव शतक अमेरिकेच्या राष्ट्रीय ऑलिंपिक संघटनेची सूत्रे त्यांच्या हाती होती. १९५२ ते १९७२ या काळात ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पाचवे अध्यक्ष होते. युरोपाबाहेरून या पदावर आलेले ते पहिले अध्यक्ष होत.

खेळ हा केवळ हौसेखातर खेळला जावा, त्यातून पैसा मिळवू नये आणि राजकारणाने खेळात हस्तक्षेप करू नये, या दोन तत्त्वांचा ब्रंडेज यांनी आयुष्यभर आग्रह धरला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने भाग घ्यावा यासाठी त्यांनी दिलेला लढा आणि १९७२ च्या म्युनिक हत्याकांडानंतर स्पर्धा चालू ठेवण्याचा निर्णय यांमुळे ते विसाव्या शतकातील सर्वांत वादग्रस्त क्रीडा प्रशासकांपैकी एक मानले जातात.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

ब्रंडेज यांचा जन्म मिशिगन राज्यातील डेट्रॉइट येथे झाला. त्यांचे वडील चार्ल्स हे पाथरवटाचे काम करीत. ॲव्हरी पाच वर्षांचे असताना हे कुटुंब शिकागोस आले. मात्र थोड्याच काळात वडिलांनी कुटुंबाचा त्याग केला. आई मिनी यांना नोकरी करावी लागल्याने ॲव्हरी यांचे संगोपन मुख्यतः नातेवाइकांच्या घरी झाले. त्यांचे चुलते एडवर्ड ब्रंडेज हे पुढे इलिनॉय राज्याचे महाधिवक्ता झाले.

शालेय वयात ब्रंडेज वृत्तपत्रे वाटण्याचे काम करीत. १९०१ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, एका निबंध स्पर्धेत यश मिळाल्यामुळे त्यांना अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्या दुसऱ्या शपथविधीस उपस्थित राहण्याची संधी मिळाली. शिकागोतील क्रेन मॅन्युअल ट्रेनिंग स्कूल या तांत्रिक शाळेत शिकत असताना त्यांना मैदानी खेळांची गोडी लागली. शाळेकडे पुरेसे क्रीडासाहित्य नव्हते, म्हणून त्यांनी शाळेच्याच कार्यशाळेत ते स्वतः तयार केले.

त्यानंतर त्यांनी इलिनॉय विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. विद्यापीठात ते बास्केटबॉल खेळत आणि ॲथलेटिक्स संघातही होते. थाळीफेक हा त्यांचा मुख्य प्रकार होता. अखेरच्या वर्षी विद्यापीठाच्या ॲथलेटिक्स संघाने वेस्टर्न कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळविले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९०९ मध्ये त्यांनी विशेष गुणवत्तेसह पदवी संपादन केली.

खेळाडू म्हणून कारकीर्द

पदवीनंतर शिकागोतील होलाबर्ड अँड रोश या वास्तुविशारद संस्थेत बांधकाम पर्यवेक्षक म्हणून काम करीत असताना ब्रंडेज यांनी सराव चालू ठेवला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. तेथे पेंटॅथलॉनमध्ये ते सहावे आले. डेकॅथलॉनमध्ये मात्र आठ प्रकारांनंतर त्यांनी स्पर्धा अर्धवट सोडली. या निर्णयाची खंत त्यांना पुढे दीर्घकाळ राहिली.

या दोन्ही स्पर्धा त्यांचेच संघसहकारी जिम थॉर्प यांनी जिंकल्या. मूलनिवासी अमेरिकन समाजातील थॉर्प यांनी त्यापूर्वी १९०९ व १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील कनिष्ठ दर्जाच्या बेसबॉल स्पर्धांत अल्प मोबदला घेऊन भाग घेतला होता. १९१३ मध्ये ही बाब उघड झाल्यावर त्यांची पदके काढून घेण्यात आली. त्यामुळे अधिकृत क्रमवारीत ब्रंडेज एकेका स्थानाने वर सरकले. पुढे ऑलिंपिक चळवळीची सर्वोच्च पदे भूषविताना ब्रंडेज यांनी थॉर्प यांची पदके परत करण्याच्या मागणीस कधीही अनुकूलता दर्शविली नाही.

१९१४, १९१६ आणि १९१८ या वर्षी ब्रंडेज यांनी ऑल-अराउंड प्रकाराचे राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले. एकाच दिवसात दहा वेगवेगळ्या क्रीडाप्रकारांत भाग घ्यावा लागत असल्याने ही स्पर्धा अत्यंत कष्टाची मानली जाई. ॲथलेटिक्समधून निवृत्त झाल्यावर ते हँडबॉल खेळू लागले आणि त्या खेळातही देशातील आघाडीच्या खेळाडूंमध्ये गणले गेले.

बांधकाम व्यवसाय

१९१५ मध्ये ब्रंडेज यांनी स्वतःची बांधकाम कंपनी स्थापन केली. १९२० च्या दशकात शिकागो वेगाने वाढत असताना त्यांच्या कंपनीने निवासी इमारती, हॉटेले आणि कारखाने उभारले. शोअरलँड हॉटेल आणि शिकागोतील फोर्ड कंपनीचा मोटार जुळणी कारखाना ही त्यांची उल्लेखनीय कामे होत. १९२९ नंतरच्या महामंदीत बांधकाम व्यवसायास जबर फटका बसला. तरी स्थावर मालमत्तेतील गुंतवणुकीच्या बळावर ते पुन्हा सावरले. या संपत्तीमुळे त्यांना क्रीडा प्रशासनाचे काम आयुष्यभर विनावेतन करता आले. प्रवासाचा व कार्यालयाचा बराचसा खर्चही ते स्वतःच्या खिशातून करीत. हौशी खेळाविषयीच्या त्यांच्या कठोर भूमिकेचा विचार करताना ही पार्श्वभूमी महत्त्वाची ठरते. गरिबीतून वर आलेल्या ब्रंडेज यांच्या मते, आपण नोकरी सांभाळून खेळू शकलो तर इतरांनाही ते शक्य असले पाहिजे. ज्या खेळाडूंना सरावासाठी रजा किंवा घरखर्चासाठी पैसा मिळत नसे, त्यांच्या अडचणींना या भूमिकेत फारसे स्थान नव्हते.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासनात प्रवेश

ब्रंडेज यांच्या प्रशासकीय कार्याची सुरुवात शिकागो ॲथलेटिक असोसिएशन या क्लबातून झाली. १९१९ पासून ते ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियन (एएयू) या राष्ट्रीय संघटनेच्या कामात सहभागी होऊ लागले. १९२५ मध्ये ते तिचे उपाध्यक्ष व तिच्या हँडबॉल समितीचे प्रमुख झाले आणि १९२८ मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. एका वर्षाचा खंड वगळता १९३५ पर्यंत ते या पदावर होते.

त्या काळी अमेरिकेत शासनाचे क्रीडा खाते नव्हते. हौशी खेळांवर कोणाचे नियंत्रण असावे, याबाबत एएयू आणि महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए) यांच्यात तीव्र संघर्ष चालू होता. एका संघटनेच्या स्पर्धेत भाग घेतल्यास दुसरी संघटना निलंबनाची धमकी देई आणि या वादात खेळाडूंची कोंडी होई. ऑलिंपिकसाठी संघ पाठविणाऱ्या समितीवर एएयूचे वर्चस्व असल्याने हा वाद राष्ट्रीय संघाच्या निवडीपर्यंत पोहोचला होता. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकनंतर खेळाडूंना परत आणण्यासाठी जुने सैनिकी जहाज भाड्याने घेतल्याने समितीवर मोठी टीका झाली. त्यानंतर अमेरिकन ऑलिंपिक असोसिएशन ही वेगळी संस्था स्थापन करण्यात आली.

१९२८ मध्ये जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी या संस्थेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिल्यावर ब्रंडेज यांची त्या जागी निवड झाली. अमेरिकन ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. दोन्ही बाजूंच्या नाड्या हाती आल्यावर त्यांनी एनसीएएशी तडजोड केली. महाविद्यालयीन खेळाडूंना हौशी म्हणून प्रमाणित करण्याचा अधिकार एनसीएएला मिळाला आणि ऑलिंपिक संस्थेच्या कार्यकारिणीत तिचे प्रतिनिधित्व वाढले. हा समेट ब्रंडेज यांच्या राष्ट्रीय कारकिर्दीतील सर्वांत उपयुक्त कामांपैकी एक मानला जातो.

हौशीपणाचे नियम

ब्रंडेज यांच्या कार्यकाळात एएयूने हौशी खेळाच्या नियमांची कडक अंमलबजावणी केली. १९३२ च्या लॉस एंजेलस ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणाऱ्या बेब डिड्रिकसन यांचे नाव त्याच वर्षी एका मोटारीच्या जाहिरातीत झळकल्यावर त्यांना हौशी खेळांतून निलंबित करण्यात आले. आपण त्यासाठी मोबदला घेतला नसल्याचे त्यांनी सांगितले; पण अखेर त्या व्यावसायिक खेळांकडे वळल्या.

बास्केटबॉलमध्ये हे नियम वेगळ्याच प्रकारे राबविले जात. एएयूच्या स्पर्धांत अनेक संघ कंपन्यांचे असत. खेळाडू कंपनीत नोकरी करीत आणि तिच्या नावाने खेळत; त्यांचे वेतन नोकरीचे असल्याने ते हौशीच गणले जात. १९३६ मध्ये बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच अधिकृत समावेश झाला, तेव्हा अमेरिकेच्या संघातील जवळजवळ सर्व खेळाडू युनिव्हर्सल पिक्चर्स ही चित्रपट कंपनी आणि मॅकफर्सन येथील एक तेलशुद्धीकरण कंपनी यांच्या संघांतून आले होते. बर्लिनमध्ये हे सामने उघड्या मैदानावर झाले. भर पावसात, चिखलात झालेल्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडावर १९–८ असा विजय मिळविला. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ त्या स्पर्धेस उपस्थित होते.

बर्लिन ऑलिंपिक आणि बहिष्काराचा वाद

१९३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद बर्लिनला १९३१ मध्येच देण्यात आले होते. १९३३ मध्ये ॲडॉल्फ हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू खेळाडूंना जर्मन क्लबांतून व संघटनांतून काढून टाकण्यात येऊ लागले. त्याच वर्षी एएयूने ठराव करून, जर्मन ज्यू खेळाडूंना समान संधी न मिळाल्यास अमेरिका भाग घेणार नाही, असा इशारा दिला.

प्रत्यक्ष परिस्थिती पाहण्यासाठी ब्रंडेज १९३४ मध्ये जर्मनीस गेले. ज्यू क्रीडा संघटनांच्या प्रतिनिधींशी त्यांच्या भेटी नाझी अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत झाल्या. त्यामुळे त्या प्रतिनिधींना मोकळेपणाने बोलणे शक्य नव्हते. शिकागोतील आपल्या क्लबातही ज्यूंना प्रवेश नसल्याचे ब्रंडेज यांनी या चर्चेत सांगितल्याची नोंद आहे. परतल्यावर त्यांनी अनुकूल अहवाल दिला आणि सप्टेंबर १९३४ मध्ये अमेरिकन ऑलिंपिक समितीने जर्मनीचे निमंत्रण स्वीकारले.

तथापि अमेरिकेच्या सहभागासाठी एएयूची मान्यता आवश्यक होती, कारण खेळाडूंच्या प्रवेशअर्जांवर तिचे प्रमाणपत्र लागत असे. ब्रंडेज यांच्यानंतर एएयूच्या अध्यक्षपदी आलेले न्यायाधीश जेरेमिया महोनी यांनी बहिष्काराच्या बाजूने मोहीम उघडली. तिला ज्यू संघटनांबरोबरच कामगार संघटना व अनेक ख्रिस्ती नेत्यांचाही पाठिंबा होता. ब्रंडेज यांनी प्रचारपुस्तिका काढून, खेळाडूंनी परकीय वादात पडू नये, अशी भूमिका मांडली. बहिष्काराची चळवळ ज्यू व कम्युनिस्ट यांनी चालविली असल्याचा आरोप त्यांनी केला. डिसेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या एएयूच्या अधिवेशनात बहिष्काराच्या बाजूचा ठराव अवघ्या अडीच मतांच्या फरकाने फेटाळला गेला. राज्य व प्रादेशिक शाखांची मते अपूर्णांकातही मोजली जात असल्याने हा फरक असा आला.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीतील अमेरिकन सदस्य अर्नेस्ट ली जान्के यांनी बहिष्काराचा जाहीर पुरस्कार केला होता. जुलै १९३६ मध्ये समितीने त्यांना सदस्यत्वावरून काढले आणि त्यांच्या जागी ब्रंडेज यांची निवड केली.

अमेरिकेचा संघ जुलैच्या मध्यास जहाजाने निघाला. त्याच सुमारास जर्मनीतील ज्यू उंच उडीपटू ग्रेटेल बर्गमान यांना संघातून वगळल्याचे पत्र धाडण्यात आले. ज्यू खेळाडूंना समान संधी दिली जाईल, हे आश्वासन कितपत खरे होते, ते यावरून दिसून आले. प्रवासातच शिस्तभंगाच्या कारणावरून जलतरणपटू एलिनॉर होम यांना ब्रंडेज यांनी संघातून काढले. बर्लिनमध्ये मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर या अमेरिकन ॲथलेटिक्स संघातील दोन ज्यू धावपटूंना ४ × १०० मीटर रिले शर्यतीतून ऐन वेळी वगळण्यात आले. त्यांच्या जागी जेसी ओवेन्स व राल्फ मेटकाफ धावले. हा निर्णय प्रशिक्षकांचा होता की त्यामागे ब्रंडेज यांचा दबाव होता, याविषयी मतभेद आहेत. ब्रंडेज यांनी हा आरोप नाकारला. ग्लिकमन मात्र आयुष्यभर त्यावर ठाम राहिले.

दुसरे महायुद्ध आणि पॅन-अमेरिकन स्पर्धा

१९३८ मध्ये वॉशिंग्टन येथील नव्या जर्मन दूतावासाच्या बांधकामासाठी ब्रंडेज यांच्या कंपनीची निवड झाली. मात्र ती इमारत कधीच उभी राहिली नाही. युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेने त्यात पडू नये, असे मानणाऱ्या अमेरिका फर्स्ट या चळवळीत ते सहभागी होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर ते तिच्यातून बाहेर पडले.

युद्धामुळे १९४० चे ऑलिंपिक रद्द झाल्यावर अमेरिका खंडातील देशांसाठी स्वतंत्र क्रीडास्पर्धा भरविण्याच्या कल्पनेस चालना मिळाली. १९४० मध्ये ब्युनोस आयर्स येथे झालेल्या परिषदेत ब्रंडेज यांची या नव्या संघटनेच्या प्रमुखपदी निवड झाली. युद्धामुळे लांबलेल्या पहिल्या पॅन-अमेरिकन स्पर्धा अखेर १९५१ मध्ये त्याच शहरात पार पडल्या.

युद्धकाळात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष आंरी द बाये-लातूर यांचे निधन झाले. त्यानंतर स्वीडनचे सिगफ्रिड एडस्ट्रॉम यांनी कारभार पाहिला. एडस्ट्रॉम आणि ब्रंडेज यांनी पत्रव्यवहाराद्वारे सदस्यांशी संपर्क टिकवून ठेवला. १९४६ मध्ये ब्रंडेज समितीचे उपाध्यक्ष झाले.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपद

१९५२ मध्ये हेलसिंकी येथे झालेल्या निवडणुकीत ब्रंडेज यांनी ब्रिटनचे लॉर्ड बर्ली यांचा ३० विरुद्ध १७ मतांनी पराभव केला. पुढील वर्षी त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्षपद सोडले.

त्यांच्या कार्यकाळात नव्याने स्वतंत्र झालेली अनेक राष्ट्रे ऑलिंपिकमध्ये आली. १९५६ ते १९६४ या काळात पूर्व व पश्चिम जर्मनीचे खेळाडू एकाच संघातून उतरले, ही ब्रंडेज यांना विशेष अभिमानाची बाब वाटे. सोव्हिएत संघातील खेळाडूंना शासनाकडून मिळणाऱ्या सुविधांकडे मात्र त्यांनी काणाडोळा केला, अशी टीका झाली.

आशियातील एका वादाचा भारताशी थेट संबंध होता. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांसाठी इंडोनेशियाने तैवान व इस्रायलच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी याला जाहीर विरोध केल्यावर जकार्तात त्यांच्याविरुद्ध निदर्शने झाली आणि त्यांना देश सोडावा लागला. १९६३ मध्ये समितीने इंडोनेशियास निलंबित केले. त्यावर राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी त्याच वर्षी गॅनेफो या नावाने पर्यायी स्पर्धा भरविल्या.

दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी धोरणाबाबत ब्रंडेज दीर्घकाळ कारवाईस अनुकूल नव्हते. तरीही आफ्रिकी राष्ट्रांच्या दबावामुळे १९६४ व १९६८ च्या स्पर्धांतून त्या देशास दूर ठेवण्यात आले आणि १९७० मध्ये त्याची हकालपट्टी झाली. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंनी विजयमंचावर मूठ उंचावून वर्णभेदाचा निषेध केला. ब्रंडेज यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या दबावामुळे अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीस दोघांनाही संघातून काढावे लागले. बर्लिनमध्ये जर्मन खेळाडूंनी केलेल्या नाझी सलामीला ब्रंडेज यांनी हरकत घेतली नव्हती, याकडे टीकाकारांनी तेव्हा लक्ष वेधले.

हिवाळी ऑलिंपिकमधील वाढत्या व्यापारीकरणास त्यांचा तीव्र विरोध होता. १९७२ च्या सप्पोरो स्पर्धेपूर्वी ऑस्ट्रियाचे स्कीपटू कार्ल श्रान्झ यांना जाहिरातींतून लाभ घेतल्याच्या कारणावरून अपात्र ठरविण्यात आले.

म्युनिक, १९७२

५ सप्टेंबर १९७२ रोजी पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी म्युनिक येथील क्रीडाग्रामात इस्रायलच्या संघावर हल्ला केला. या घटनेत इस्रायलचे ११ खेळाडू व प्रशिक्षक मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी ऑलिंपिक मैदानावर झालेल्या शोकसभेत ब्रंडेज यांनी स्पर्धा पुढे चालू राहतील, असे जाहीर केले. या निर्णयास इस्रायल सरकारसह अनेकांचा पाठिंबा होता. परंतु त्याच भाषणात त्यांनी ऱ्होडेशियास वगळण्यासाठी आलेल्या राजकीय दबावाचा उल्लेख हत्याकांडाच्या जोडीने केल्यामुळे प्रचंड संताप व्यक्त झाला. पुढे त्यांनी याबाबत दिलगिरी व्यक्त केली. या स्पर्धांनंतर ते निवृत्त झाले आणि आयर्लंडचे लॉर्ड किलॅनिन अध्यक्ष झाले.

कलासंग्रह

१९३६ मध्ये लंडन येथे चिनी कलेचे प्रदर्शन पाहिल्यानंतर ब्रंडेज यांना आशियाई कलेचा छंद जडला. पुढील तीन दशकांत त्यांनी चीन, जपान, कोरिया, भारत व आग्नेय आशियातील सुमारे ७,७०० वस्तू जमविल्या. हा संग्रह त्यांनी सॅन फ्रान्सिस्को शहरास दिला. १९६६ मध्ये तो जनतेसाठी खुला झाला आणि त्यातूनच आजचे एशियन आर्ट म्युझियम उभे राहिले. ब्रंडेज यांच्या वांशिक भूमिकांच्या पार्श्वभूमीवर २०२० मध्ये या संग्रहालयाने त्यांचा अर्धपुतळा दालनातून हटविला.

वैयक्तिक जीवन आणि निधन

१९२७ मध्ये ब्रंडेज यांचा विवाह एलिझाबेथ डनलॅप यांच्याशी झाला. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. १९७३ मध्ये ब्रंडेज यांनी जर्मनीतील रॉइस राजघराण्यातील मारियान यांच्याशी विवाह केला. ८ मे १९७५ रोजी जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन शिकागो येथे करण्यात आले. त्यांची कागदपत्रे इलिनॉय विद्यापीठात जतन केली असून ऑलिंपिकच्या इतिहासाचे ते एक प्रमुख साधन आहे.

मूल्यमापन

ब्रंडेज यांनी उभारलेली व्यवस्था त्यांच्यानंतर फार काळ टिकली नाही. १९७४ मध्ये ऑलिंपिक नियमावलीतील हौशीपणाच्या अटी शिथिल करण्यात आल्या. १९७८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने केलेल्या कायद्याने एएयूचे राष्ट्रीय खेळांवरील नियंत्रण संपुष्टात आणले. राष्ट्रीय समन्वयाचे काम अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीकडे सोपविण्यात आले आणि खेळाडूंना निर्णयप्रक्रियेत प्रतिनिधित्व मिळाले. जिम थॉर्प यांचा हौशी दर्जा १९८२ मध्ये पूर्ववत करण्यात आला, तर २०२२ मध्ये त्यांना दोन्ही स्पर्धांचे एकमेव विजेते म्हणून मान्यता मिळाली. ब्रंडेज स्वतः तरुणपणी खेळलेल्या बास्केटबॉलमध्ये १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून अमेरिकेचे नामवंत व्यावसायिक खेळाडू देशासाठी खेळू लागले.

महायुद्धाच्या काळात विस्कळीत झालेली ऑलिंपिक चळवळ टिकवून धरणे, पदाचा वैयक्तिक लाभासाठी वापर न करणे आणि शीतयुद्धाच्या काळातही दोन्ही गटांना एका मैदानावर आणणे, हे ब्रंडेज यांचे कार्य त्यांचे टीकाकारही मान्य करतात. मात्र राजकारणापासून अलिप्त राहण्याचे त्यांचे तत्त्व व्यवहारात अनेकदा सत्ताधीशांच्या सोयीचे ठरले आणि त्याची किंमत वगळलेल्या, निलंबित केलेल्या व हकालपट्टी झालेल्या खेळाडूंना मोजावी लागली. त्यामुळे क्रीडा प्रशासनाच्या अभ्यासात त्यांच्या कारकिर्दीकडे, विशेषतः १९३३ ते १९३६ या काळाकडे, आजही एक महत्त्वाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते.